भिकार जमीन पाहिजे

खड्डेमास्तरांना जमीन हवी होती, आणि तीही वाईट. हे लोकांच्या डोक्यात काही केल्या शिरेना.

रोपवाटिकेतून निवृत्त झाल्यावर माणसानं गप्प घरी बसावं की नाही? पण छे. मास्तरांनी गच्चीवर खैर, शिरीष, करंज अशी शेंगांची देशी झाडं पिशव्यांत वाढवली. या झाडांच्या मुळांवरच्या गाठी मेलेल्या मातीत जीव आणतात, तेव्हा त्यांना ओसाड जागाच द्यायची, हा त्यांचा हट्ट. आता मुळं पिशव्या फोडून बाहेर आली होती. या हंगामात जागा मिळाली नाही तर सगळी रोपं हातची जाणार, या काळजीनं त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

जो तो आपली चांगली जमीन दाखवी. मास्तर खड्डा खणत, त्यात बादलीभर पाणी ओतत आणि ते कसं मुरतं हे बघत काठावर बसून राहत. म्हणून तर हे नाव पडलं. "इथलं गवतच माझी रोपं गिळेल," असं म्हणून उठत. मालक फुरंगटून बसे. एकाची जमीन अगदी मनासारखी भिकार निघाली, तर त्याला तिथे गोदाम बांधायचं होतं.

"माझ्या भावाचा माळ बघा की," बायको म्हणाली.

मास्तर गडबडले. तो माळ कुणीतरी मेहुण्याच्या गळ्यात मारला होता, आणि घरच्या प्रत्येक कार्यात त्यावरून त्याची टर उडवायचं काम मास्तरांनी, माळ स्वतः कधी न बघता, इमानेइतबारे केलं होतं. "तिथे दगडसुद्धा उगवायला लाजतात," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आता कुठल्या तोंडानं जायचं? पण गच्चीवरची रोपं बघवेनात. गेले.

मेहुणा नवा शर्ट घालून बांधावर उभा होता. आणि माळावर काळीभोर माती. मास्तरांचा चेहराच पडला. तरी आलोच आहोत तर म्हणून कुदळ मारली, तो वीतभर खाली खण्णकन मुरूम लागला. वरची माती कुठूनतरी आणून पसरलेली होती.

"हे काय रे?"

मेहुण्यानं मान खाली घातली. "भावोजी, तुम्ही पहिल्यांदाच बघायला येणार होतात. म्हटलं, एकदा तरी हसू नये तुम्ही."

मास्तरांना कसंनुसं झालं. याला इतकं लागत होतं आणि आपण आपले टाळ्या घेत राहिलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी खड्ड्यात बादली ओतली. पाणी बघता बघता मुरलं, गवत जगेल इतकी ओलही धरली नाही.

"जमीन भयंकर आहे रे."

"आहेच."

"इतके दिवस हिंडतोय, पण अशी भिकार जमीन कुठे मिळाली नाही. मला हीच पाहिजे. देशील?"

ही थट्टा तर नाही ना, म्हणून मेहुण्यानं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग खिशातून फोन काढून बहिणीला लावला.

"ताई," तो म्हणाला, "भावोजींना माझी जमीन पसंत पडली."