होणाऱ्या व्याह्यांसमोर वरून प्यायलेली वाईन

लेकीचं लग्न ठरायचं असेल तेव्हा बापानं घरीच थांबावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

आमच्या मनीषाला नाशिकचं स्थळ आलं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. उरलो होतो आम्ही आई-बाप. मुलाच्या आईचा फोन आला, "एक दिवस या. सोबत फिरू, जेवू, मग ठरवू." म्हणजे परीक्षाच! बदनापूरला गाडीत बसल्यापासून मी बायकोला, सुमनला, शिकवणी लावली.

"मी काय सांगून राह्यलो, ऐकतीस ना? मोठे लोक हायेत. तिथं मी जसं करीन तसंच करायचं."

"बराबर," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण तुम्ही काय करणार, ते तुम्हाला तरी माहीत हाय का?"

सकाळी संग्रहालय. काळ्या दगडातला तो देखणा विष्णू बघून माझे हात आपोआप जुळले. चपला काढल्या, दहाची नोट पायाशी ठेवली. मागे वळतो तर (देवाशप्पथ!) सहलीला आलेल्या बायकांनी चपला काढून रांग लावलेली! एकीनं तर नारळ कुठं मिळतो म्हणून विचारलं. पहारेकरी धावत आला.

"ओ काका, हे मंदिर नाही!"

"देव तर हाय ना?"

होणारे व्याही छताचं निरीक्षण करू लागले. सुमननं शांतपणे नोट उचलली. "भाऊ, इतक्या वर्षांनी बी हात जोडावे वाटतात, म्हंजे घडवणाऱ्याची कमालच की न्हाई?" पहारेकरी विरघळला. होणाऱ्या विहीणबाई हसल्या. मी घाम पुसला.

दुपारी द्राक्षमळ्यात वाईन चाखायची होती. (गावच्या भजनी मंडळाचा अध्यक्ष आहे मी, पण लेकीसाठी बाप काय करत नाही!) सुमनसाठी द्राक्षाचा रस आला. तिथल्या बाईंनी वाईनचा एकच ग्लास सगळ्यांच्या हातातून फिरवला, नुसता वास घ्यायला. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी शर्टाच्या बाह्या सारख्या करत होतो. ग्लास माझ्याकडं आला. आता चारचौघांत फिरणारं भांडं आपल्याकडं कुणी तोंड लावून उष्टं करतं का? मान मागं टाकली, ग्लास वीतभर वर धरला आणि ओतला!

लोटा असता तर जमलं असतं. त्या ग्लासाचं तोंड म्हणजे परात! थोडी वाईन नाकात, थोडी मिशीत आणि बाकी सगळी पांढऱ्याशुभ्र शर्टावर.

विहीणबाईंच्या भुवया केसांत शिरल्या. माझ्या डोळ्यांपुढं मनीषाचा रडवेला चेहरा आला. संपलं स्थळ!

"हे... काय चाललंय?" व्याही पुटपुटले.

"उष्टं होऊ नये म्हणून हो," सुमन म्हणाली. "आमच्याकडं असंच पितात. यांची मान तेवढी कच्ची हाय." आणि तिनं आपला रसाचा ग्लास उचलला, मान मागं टाकली, मनगट जरासं वळवलं, अन् एकच बारीक धार सरळ घशात! पदरावर थेंब नाही! वाईनवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाई तर उठूनच आल्या. "अहो, मला शिकवा!"

संध्याकाळी तिथंच जेवण. विहीणबाई सुमनला चिकटून बसलेल्या. मी कोपऱ्यात, मळ्याच्या दुकानातून घेतलेल्या, छातीवर वाईनचा भलामोठा ग्लास छापलेल्या टी-शर्टात. (भजनी मंडळानं बघितलं असतं तर!) इतक्यात विहीणबाई गंभीर झाल्या.

"एक विचारू? मनीषा स्वभावानं कुणावर गेलीय?"

मी छापील ग्लासासकट छाती पुढं काढली. तोंड उघडणार, तोच सुमन बोलली, "माझ्यावर. बिलकुल माझ्यावर!"

विहीणबाईंनी असा सुटकेचा श्वास सोडला, की ताटातला पापड हलला. "मग साखरपुडा कधी करायचा?"

लेकीला तुम्ही काय दिलं, असं हल्ली कुणी विचारलं, की मी अभिमानानं सांगतो, "काहीच नाही. म्हणून तर लग्न जमलं!"