ब्रेकवाले आबा

गाडी दुरुस्त झाली की आबा रस्त्यावर पंधरा-वीस पावलं पुढं जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "या माज्या अंगावर, आन् दाबा ब्रेक." गिऱ्हाइकाला घाम फुटायचा, आबांची पापणी हलायची नाही. दौंडच्या रेल्वेत त्यांनी उभी हयात फिटर म्हणून काढली होती. तिथं ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सुटत नसे. निवृत्तीनंतर टाकलेल्या टपरीलाही त्यांनी तोच कायदा लावला.

डिस्क ब्रेकच्या मोटारसायकली तेव्हा नव्या होत्या. मी कारेगावात खोली करून कारखान्यात कामाला होतो, सुट्टीला दौंडला घरी येत असे. एकदा चिखलापाण्यानं माझ्या गाडीच्या पुढच्या ब्रेकची पिन गंजून अडकली आणि चाक जाम झालं. मी हातोडी घातली नि पिनेचं डोकंच बिघडवून बसलो. गाडी कशीबशी टपरीवर नेली, तेव्हा आबांनी ते निरखून पाहिलं.

"शिकल्यालं दिसता."

"डिप्लोमा केलाय."

"तरीच!"

अडकलेल्या पिनेवर ते डिझेल सोडून दिवसभर ठेवत, मग जरा शेकत आणि सोडवण्याआधी उलट किंचित आवळत. "आधी तिला जागची हलवा. मंग कुठं जायाचं ते सांगा," म्हणायचे. पिनेशी एवढ्या सबुरीनं वागणारा हा माणूस माणसांशी मात्र बिलकुल नमतं घेत नसे.

एकदा एका सोसायटीच्या चेअरमनचा मुलगा अशीच जाम झालेली गाडी घेऊन आला. त्याला पुढाऱ्याच्या रॅलीत मिरवायचं होतं. आबांनी चाक उतरवलं, पिना पाहिल्या आणि उद्या या म्हणाले. "ब्रेक ठेव काढून, नुसतं चाक बसव," पोरगा म्हणाला. आबांनी चाक टपरीत नेलं, आडवं टाकलं आणि त्यावर मांडी घालून बसले.

थोड्या वेळानं चेअरमन स्वतः आले. वयानं आबांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनाही अरेतुरे करण्याची त्यांच्या घराण्याची रीत.

"माझ्यासमोर बसून बोलतोस?"

"माजा बाप तुमच्या दारात उभा ऱ्हायचा, साहेब. मी माज्या दारात बसलोय. तुमच्याच पोराचा जीव हाय त्या गाडीवर. बिनब्रेकची माज्या हातनं जायाची न्हाई."

"उद्या ही टपरी दिसणार नाही."

"गाडी मात्र उद्या मिळंल."

दुसऱ्या दिवशी पिना निघाल्या. पोरानं आबांच्या अंगावर गाडी घालून ब्रेक दाबला आणि मान खाली घालून गेला. पंधरवड्यात, माझ्या सुट्टीच्याच दिवशी, पालिकेच्या माणसांनी टपरी अतिक्रमण म्हणून उचलली. आम्ही गिऱ्हाइकं समोर उभे होतो, कुणीही तोंड उघडलं नाही. आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्या दिवशीच्या माझ्या गप्प बसण्याची लाज काही जात नाही.

टपरी उचलल्यावर पुढच्या सुट्टीला गेलो तर त्याच जागी पोतं अंथरून आबा बसलेले. शेजारी कुणीतरी 'येथे वाहन दुरुस्तीस मनाई आहे' अशी पाटी रोवली होती. तिच्या खांबाला आबांनी पान्यांची पिशवी अडकवली होती.

"आबा, परत उचलतील."

"काय उचलत्यात? आता मी एकलाच ऱ्हायलोय."

मी गाडी स्टँडवर लावली. दुपारी पालिकेची ती माणसं पुन्हा आली, तेव्हा पोत्यावर आम्ही दोघं बसलो होतो.