भुलाबाईचं पत्रक

मी देव मानते. आधीच सांगून टाकते, कारण आमच्या संघटनेत हे कोणी विचारत नाही आणि आमच्या गल्लीत हे कोणाला खरं वाटत नाही. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांत राबणाऱ्या बायांसाठी आम्ही भांडतो. संडास पाहिजे, बस पाहिजे, पाळणाघर पाहिजे. पत्रकं मी लिहिते, मीच गेटवर उभी राहून वाटते. संध्याकाळी अमरावतीतल्या आमच्या दोन खोल्यांत देवाजवळ दिवा लावते. ज्यांना यात विसंगती दिसते, त्यांनी ती आपापल्या घरी न्यावी.

लेक सात वर्षांची होती तेव्हा म्हणाली, "आई, आपल्या घरी भुलाबाई मांडू." मला केवढं बरं वाटलं! पार्वती भुलाबाई होऊन माहेरी येते, शंकर भुलोजी होऊन तिच्या मागोमाग. कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी त्यांच्या मातीच्या मूर्तींपुढं गाणी म्हणतात. मग घरची पोरगी झाकलेला डबा हलवते आणि बाकीच्या आतला खाऊ ओळखतात. ओळखेपर्यंत डबा उघडत नाही. पोरीच्या हातात देव द्यायचा तर असाच, खेळता खेळता, असं माझ्या मनात आलं.

पण ती गाणी! सून माहेरी जायला परवानगी मागतेय, बोलणी खातेय, मार खातेय, आणि एवढाल्या पोरी टाळ्या वाजवत ते गातायत. माझं डोकंच फिरलं. राग देवीवर नव्हता, देवीच्या वतीनं होता. बाई वर्षातून एकदा माहेरी आली, तर तिला हेच ऐकवायचं?

मग मला जे येतं ते मी केलं. नवी गाणी लिहिली. त्यात सून सातबाऱ्यावर नाव लावून घेते, नवऱ्याला भांडी घासायला बसवते आणि ठाण्यात तक्रार देते. गुलाबी कागदावर छापून पोरींना वाटली. त्यांच्या आयांनाही.

शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अवो, पोरी खेळून राहिल्या. तुमी मोर्चा काहून काढून राहिल्या?"

"काकू, इथूनच पोरी दबायला शिकतात."

"माह्या पोरी दबल्या काय वो? मोठीनं तं सासूलेच दाबलं!"

बाकीच्या बाया खो खो हसल्या. मी हसले नाही. काकूंच्या हातात आणखी एक पत्रक ठेवलं.

नवी गाणी चालीत बसेनात. 'सातबारा' आला की टाळी चुकायची. मी मध्ये बसून ठेका धरायचे, चुकलं की पुन्हा म्हणायला लावायचे. पोरी रोज कमी होत गेल्या. एका संध्याकाळी कोणीच आलं नाही. लेक नवा फ्रॉक घालून दारात उभी, आणि पलीकडच्या गल्लीतून जुनी गाणी ऐकू येत होती. शेवटी तिनं एकटीनंच टाळ्या वाजवल्या, डबा आणला आणि माझ्यापुढं हलवला.

मी ओळखायचं नाटक केलं. "चिवडा?"

"तू कायले ओळखतं, आई? तूच तं केला खाऊ."

तिनं डबा उघडलाच नाही. सकाळी मी उघडला. शंकरपाळे जसेच्या तसे.

पुढच्या वर्षी तिनं विचारलं, "मी आत्याकडं जाऊ?" तिची आत्या, म्हणजे माझी नणंद, अकोल्याला असते. तिचं माझं कशावरच जमत नाही. तरी लेकीला नेऊन सोडलं आणि कोजागिरीला आणायला गेले. गच्चीवर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, खाली पोरींचा घोळका, आणि माझ्या लेकीचा आवाज सगळ्यांत वर. गाण्यातली सून मार खात होती आणि ही शेजारणीला ढोसून हसत होती. मी चपलांपाशीच थांबले.

"या ना, वयनी," नणंद म्हणाली. "आज काही वाटाले आणलं काय?"

पर्समध्ये एकही पत्रक नव्हतं. तरी मी ती पोटाशी धरली.

ती गाणी मला आजही पटत नाहीत. कोणी विचारलं तर आजही सांगेन. आणि मला भिंत दिसली की पोस्टर दिसतं, तेही जायचं नाही. आधी त्याची लाज वाटायची, आता वाटत नाही. याच स्वभावानं बायांची बस सुरू करवली. पण लेकीनं मला भुलाबाईपुढं नुसतं हात जोडून बसलेलं कधी पाहिलंच नाही. पाहिलं ते देखरेख करताना. हे मला लागतं, आणि यावर काढायला पत्रक नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीत मी विचारलं, "पुढच्या वर्षी आपल्या घरी मांडायची?"

खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "आत्याकडंच बरं हाय. तिथं पोरी येतात." मग म्हणाली, "तू नेऊन देशीन ना?"

"देईन."

यंदाही नेलं. भुलाबाईला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. लेक बाजूला उभी होती. पोरी जमायच्या आत स्टँडवर जायला ऑटो धरला.