सुरैय्याची टिचबटणं

खोटं कशाला बोलू? सुरैय्याचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं.

ही शेळगावची पोरगी नववीला माझीच विद्यार्थिनी होती. संस्कृतात जेमतेम पास. आता बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला ब्लाऊज शिवते. मशीन चालवता चालवता दोन वर्षं मोबाईलवर लॅटिन ऐकत बसली म्हणे. कशासाठी? तर कानाला गोड लागतं म्हणून!

आणि मी इंदापुरात तीस वर्षं पोरांकडून विभक्त्या घोकून घेतल्या. माझी नात छकुली जुना इतिहास शिकायला इटलीला निघाली, प्रवेशाला लॅटिनची परीक्षा होती. आपल्या विभक्त्यांसारखंच प्रकरण, त्यात काय एवढं, म्हणून पुस्तक आणून मीच शिकवायला बसलो. भिंतीवर तक्ता लावला, पाठ करून घेतला. पोरगी सराव परीक्षेत सपशेल आपटली. दुसऱ्या दिवशी मला न विचारता सुरैय्याकडं गेली.

मीही मागोमाग गेलो. बाईनं कापडाच्या पट्टीवर रंगीत दोऱ्यानं ‘पुएल’ भरलं होतं. पुढं जोडायचे तुकडे वेगळे, त्यांना टिचबटणं. ‘आ’ लावलं की मुलगी, ‘आम’ लावलं की मुलीला, ‘आय’ लावलं की मुलीचा. छकुली पटापट लावत होती, काढत होती आणि खिदळत होती. माझ्या तक्त्यापुढं ती एकदाही हसली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सुरैय्या चहा ठेवायला आत वळली, छकुली फोन घ्यायला बाहेर गेली. मी पट्टी उचलली आणि खिशात घातली. पासष्टीचा माणूस, शिक्षक! परीक्षा चार दिवसांवर होती. म्हटलं, आता येशील माझ्याकडंच.

नाही आली. परीक्षा दिली आणि चांगली पास झाली. पेढे घेऊन सुरैय्याकडं जायला घरच्यांनी मलाच पिटाळलं. दुकानात शिरलो तर तशीच पट्टी खुंटीला लटकलेली. मी खिशातली काढून मशीनवर ठेवली.

“ही मी चोरली, सुरैय्या. जळतो मी तुझ्यावर.”

“ठाऊक हाय, सर. तुमी खिशात घातली तवाच आरशात दिसलं. त्याच सांजेला दुसरी शिवली.”

मी पेढ्यांचा पुडा पुढं केला. “छकुलीला... कळलं?”

“न्हाय वो,” ती पेढा मोडत म्हणाली, “तिला सांगितलं, उंदरानं नेली.”