पाणी गावाकडं

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी, बाजार नुकता भरत असताना, हुबळीच्या रेल्वे स्टेशनासमोरच्या भुयारी मार्गाच्या तोंडाशी, जिन्याखाली, पत्रावळी विकणाऱ्या एका बाईला तिच्या जागेवरून हाकलण्यात आलं. तिचा भारा ओल्यात फेकला. फेकणारे परके नव्हते. त्यांतला एक माझा सख्खा काका. बाईचं नाव मी लिहीत नाही, लिहिलं तर तिच्या सुनेलाही बाजारात बसू देणार नाहीत. आम्ही तिला अक्का म्हणायचो. तुम्हीही पाहिलंय तिला. नाकाला रुमाल लावून तिच्या शेजारून गेलायत तुम्ही.

अक्काजवळ पाण्याची एक बाटली असायची. घसा कोरडा पडला की ती झाकण उघडायची, पदराचं टोक पाण्यात बुडवायची, ते ओठांवरून फिरवायची आणि झाकण घट्ट लावून टाकायची. घोट कधी नाही. उन्हाळ्यातसुद्धा.

मी पत्रकं वाटायला तिथं उभी असायची. एकदा थंड पाणी पुढं केलं.

"पी की अक्का."

"नको गे पोरी. पाणी गावाकडं."

ताक दिलं. "ताक पण गावाकडं." उसाचा रस आणला तर हसून म्हणाली, "तूच पी. तुझं घर जवळ आहे."

तिचं गाव अळणावर स्टेशनापासून आत. पहाटेच्या गाडीनं पळसाच्या पत्रावळींचा भारा घेऊन यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. मला वाटायचं, काही उपास असेल, नवस असेल. आपल्या बायकांचं काय सांगावं. मग एक दिवस पान दुमडून काडी टोचता टोचता तिनंच सांगितलं.

"पाणी प्यालं की जायला लागतंय. कुठं जाऊ? तूच सांग."

 जायची जागा तिच्या पाठीमागेच होती, आणि तिला कुलूप होतं.

ह्या भुयाराचा इतिहास मी इथं सांगते, कारण तो दुसरं कुणी लिहून ठेवणार नाही. पूर्वी गाडीतून उतरलेल्या बायका डोक्यावर ओझं घेऊन सरळ रस्ता ओलांडायच्या. मग रस्ता रुंद झाला, मधे कठडा आला, आणि ओलांडायचं बंद झालं म्हणून खाली भुयार खणलं. त्याला तीन तोंडं. एक स्टेशनाकडं, एक दाजीबानपेठेच्या कापडबाजाराकडं, एक बसथांब्याकडं. लॅमिंग्टन रोडच्या शाळांत जाणारी पोरं, तारिहाळच्या कारखान्यांत जाणारे कामगार, खेड्यातून आलेल्या भाजीवाल्या, सगळे ह्या एका पोटातून जातात. तीन वाटा जिथं मिळतात तिथं बायकांना जायला एक खोली बांधली. दारावर कुंकू लावलेल्या बाईचं चित्र. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. त्याच संध्याकाळी दाराला कुलूप लागलं.

आत काय आहे, तेही सांगते. फटीतून दिसतं. व्यापारी मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि उत्सवांचे गुंडाळून ठेवलेले फ्लेक्स. किल्ली विचारली तर महापालिकेच्या कचेरीतले म्हणतात, मंडळाकडं. मंडळवाले म्हणतात, ठेकेदाराकडं. ठेकेदार म्हणे गोव्याला असतो.

पुरुषांना किल्ली लागली नाही. त्यांना भिंत पुरली. पँटीला इस्त्री केलेले, कपाळाला विभूती लावलेले, कानाला फोन धरून कुणाला तरी "हां सर, हां सर" म्हणत असलेले, सगळे त्या भिंतीला तोंड करून उभे. पाण्याचा ओघळ उतारानं खाली यायचा तो बरोबर अक्काच्या भाऱ्यापर्यंत. तिनं माझी उरलेली पत्रकं मागून घेतली. "महिलांचा हक्क" असं मोठ्या अक्षरांत छापलेली. ती तिनं भाऱ्याखाली अंथरली.

"बघ, तुझ्या कागदाचा उपयोग झाला. ओल लागत नाही."

मी छापलेल्या सगळ्या मजकुराला मिळालेला तो एकमेव अभिप्राय.

एकदा मी जिना उतरत होते. पांढरा शर्ट घातलेला एक गृहस्थ भिंतीशी उभा होता. अक्कानं आवाज दिला, "अण्णा, निम्म मनी एल्लैत्री?" म्हणजे, तुमचं घर कुठं?

तो मान न वळवता म्हणाला, "याके?" म्हणजे, कशाला?

"काही नाही. उद्या आम्ही बायका येतो तुमच्या भिंतीला. आधी बघून ठेवलेलं बरं."

तो वळला. माझा काका. मी वरूनच पत्ता सांगितला, "दाजीबानपेठ, कापडाचं दुकान, जिना उजवीकडं." शेजारच्या भाजीवाल्या इतक्या हसल्या की एकीची टोपली कलंडली. रात्री काका जेवताना म्हणाला, "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस." मी म्हटलं, "अब्रू तुम्हीच भिंतीला लावून आलात. मी फक्त पत्ता सांगितला."

ह्यावर व्यापारी मंडळानं, म्हणजे माझ्या काकानं आणि त्याच्या दोस्तांनी, उपाय काढला. कुलूप उघडलं असेल? छे. देव आणले. गणपती, लक्ष्मी, मारुती अशा चित्रांच्या फरशा भिंतीवर चिकटवल्या. समभाव म्हणून एक क्रूस आणि एक मशीदही. फोटो परत निघाले. सगळे खूष. अक्का तेवढी फरशांकडं बघत राहिली.

"देवानं काय पाप केलंय गे, त्याला इथं उभं केलंय?"

थोडे दिवस भिंत कोरडी राहिली. मग लोकांच्या लक्षात आलं की दोन फरशांमधे वीतभर जागा मोकळी आहे. माणूस देवाला भितो, पण नेम धरायला शिकतो. शिंतोडे उडायचे ते उडायचेच. रोज सकाळी आल्या आल्या अक्का बाटली उघडायची, आणि जे पाणी स्वतः पीत नव्हती त्यानं मारुतीचं तोंड धुवायची, लक्ष्मीचे पाय धुवायची, मशिदीचा घुमट पुसायची. ओठांपुरतं तळाला ठेवायची.

तिला उन्हाळे लागायचे. लघवीला आग, अंगात ताप. दोन दिवस यायची नाही, मग परत यायची. "डॉक्टर काय म्हणाला?" "भरपूर पाणी पी म्हणाला." आणि पदराचं टोक ओठांवरून फिरायचं.

मग ती खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा, कोयता पाटावर मांडलेला, म्हणून अक्का उलथनं घेऊन आली. बन्नीची, म्हणजे दसऱ्याला सोनं म्हणून वाटायची शमीची, पानं विकायचा दिवस, वर्षातला सगळ्यात मोठा धंदा. ती पानं बाजूला ठेवून ती भिंतीकडं गेली आणि उलथन्यानं एक एक फरशी सोडवायला लागली. प्रत्येक फरशी धुतली, पत्रावळीत ठेवली, वर झेंडूचं फूल. क्रूसालाही पत्रावळ, मशिदीलाही.

मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"गावाकडं नेते. ओढ्याकाठी स्वच्छ जागा आहे."

गर्दी जमायला वेळ लागला नाही. देव काढले, देव काढले! काल त्याच भिंतीला उभे राहिलेले आज धर्म वाचवायला धावले. काका पुढं. "देवाला हात लावायचा अधिकार तुला कुणी दिला?"

अक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "मग इथं नको तर त्या खोलीत ठेवते. उघडा की कुलूप."

 काकानं भारा उचलला आणि ओघळात फेकला. बन्नीची पानं त्या पाण्यात तरंगली. मी काकाचा हात धरला, त्यानं झटकला. तिला परत इथं बसायचं नाही म्हणून बजावलं. ती उठली, उलथनं पदराला पुसलं, आणि गाडीची वेळ नसताना स्टेशनाकडं चालायला लागली. एवढा मोठा दिवस, आणि फलाटावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

मंडळानं फरशा परत चिकटवल्या. जागेची शुद्धी केली. गोमूत्र शिंपडून. त्या भिंतीवर. ह्यावर मी काही लिहीत नाही.

माघात मी तिच्या गावी गेले. अक्का उंबऱ्यात बसली होती. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला. मूत्रपिंडं निकामी होत आलीत. डॉक्टर म्हणतात, कारणं बरीच असतात. मी म्हणते, एक कारण दाराला लटकतंय.

मी तांब्या भरून पुढं केला. म्हटलं, आता तरी पी, गावाकडं आहेस. तिनं मान हलवली.

"डॉक्टरनं पाणी मोजून दिलंय. आजचं संपलं."

मग तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं, ओठांवरून फिरवलं, आणि माझ्याकडं बघून हसली. ते हसू मला सहन झालं नाही. मी सुनेची चौकशी केली.

"हुबळीला गेलीय. भुयाराच्याच दुसऱ्या एका तोंडाशी बसते. कुणाला सांगू नको माझी सून म्हणून." थोडं थांबून म्हणाली, "काल तिला विचारलं, दुपारी पाणी पितेस काय गे? तर म्हणाली, पाणी गावाकडं."

म्हणून आता तुम्हाला सांगते. सह्या नकोत, सहानुभूती नको. उद्या त्या भुयारातून जाल तेव्हा नाकावरचा रुमाल काढा. चित्रातल्या कुंकवाच्या बाईसमोर उभे राहा. कुलूप हातात धरून वाजवा, तिन्ही तोंडांपर्यंत ऐकू जाईल एवढ्या जोरात. आणि ओरडून विचारा, किल्ली कुणाकडं आहे? गाडी चुकली तरी चालेल. दार उघडेपर्यंत तिथून हलू नका.