तीन श्वास

चैत्रातली दुपार, वीज गेलेली, आणि डांबरगोळ्यांचा वास घशाला झोंबावा इतका दाट. कर्जतच्या त्या घरात पलंगावर, फरशीवर, खिडकीच्या कट्ट्यावर कागदच कागद! एका वक्तृत्वाच्या प्राध्यापकाचे अवघे आयुष्य सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत मावते, हे पाहून मन खिन्न झाले. पाच वाजता वाचनालयाचा टेंपो येणार होता. त्याआधी सारे लावून द्यायचे काम काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, माझ्यावर सोपवले होते. सरांचे इतके विद्यार्थी सोडून त्यांनी मलाच का बोलवावे? हा प्रश्न मी दारातच गिळला होता.

बोलणे ही काय शिकवण्याची गोष्ट आहे, असे तुम्ही विचाराल. सर शिकवीत. आम्ही भाषण लिहून न्यायचे आणि ते तांबड्या पेन्सिलीने त्यात श्वासाच्या खुणा करायचे. एक उभी रेघ म्हणजे एक श्वास, दोन रेघा म्हणजे दोन. शेवटच्या वाक्याआधी मात्र तीन. "तीन श्वास गप्प राहायची ज्याची छाती आहे, त्यानंच माणसांपुढं उभं राहावं," असे ते म्हणत. निवृत्तीनंतर हेच सर विधानसभेला अपक्ष उभे राहिले, तेव्हा तालुक्याने त्यांची थट्टाच केली. पण भिवपुरीच्या, कळंबच्या सभांत त्या तीन श्वासांत जी नीरव, उत्कट शांतता पसरे, ती पाहून थट्टा करणारे चपापू लागले.

चपापलेल्यांत त्यांचे प्रतिस्पर्धीही होते. हे प्रतिस्पर्धी ज्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, तिथे मी वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. आज आहे, उद्या नाही अशी नोकरी. त्यांचा निरोप आला, एक भाषण लिहून द्या, जूनपासून तुम्ही कायम. मी लिहून दिले. एवढेच नव्हे, बंद खोलीत बसवून त्यांना ते तीन श्वासही शिकवले! भीती आणि लोभ एकत्र आले की माणूस किती शांतपणे काम करतो, हे मला त्या दिवशी कळले.

अध्यक्षांच्या पोशीरच्या सभेत मी पार मागे उभा होतो. समोरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "ह्यो तर आपल्या मास्तरावानीच बोलतो गं! काय बी फरक नाय." सर पडले, मी कायम झालो. त्यानंतर सर होते तोवर त्या घराची पायरी मी चढलो नाही.

आता 'निवडणूक' अशी चिठ्ठी लावलेला गठ्ठा सोडला आणि हात थबकले. चार पाने. हस्ताक्षर सरांचे, शब्द माझे! पोशीरच्या त्या गर्दीत कुठेतरी बसून सरांनी ते भाषण उतरवून घेतले होते, आणि घरी येऊन तपासले होते. जागोजाग तांबड्या रेघा. शेवटच्या वाक्याआधी तीन, आणि शेजारी शेरा : "श्वास बरोबर. दहापैकी आठ. दोन गुण कापले, कारण लिहिणाऱ्याचा या वाक्यावर विश्वास नाही." शिव्या असत्या तर सोसल्या असत्या हो, हे गुण सोसवेनात.

साडेचार वाजले होते. स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या. संस्थेचे अध्यक्ष अजून तेच आहेत, आणि वाचनालयात कुणीही कागद मागून वाचू शकतो. चार पाने खिशात गेली तर कुणाला कळणार होते? हाताने घडी घालायला सुरुवातसुद्धा केली.

"सापडला का रे?" काकू दारात उभ्या होत्या.

"त्यासाठीच तुला बोलावलं. सभेहून आले त्याच संध्याकाळी त्यांनी तो तपासून ठेवला. मी म्हटलं, जाऊन त्याच्या तोंडावर फेका. तर म्हणाले, तपासलेला पेपर ज्याचा त्यानं येऊन न्यायचा असतो. दोन वर्षं टेबलावर होता रे. गेले त्या दिवशीही सगळ्यांत वर तोच होता." मग पदराने हात पुसत त्या म्हणाल्या, "आता न्यायचा तर ने, ठेवायचा तर ठेव. टेंपो येईल."

शिक्षेला आपण भितो, तिच्यासाठी मनाची तयारीही करतो. पण ज्याचा घात केला तोच माणूस दोन वर्षे आपली वाट पाहत होता, हे ऐकण्याची तयारी कुठून आणावी? मला रडू आले, आणि काकूंनी ते पाहिले नाही असे दाखवले.

मी घडी उलगडली. पहिल्या पानाच्या माथ्यावर सरांनी लिहिले होते, 'विद्यार्थ्याचे नाव', आणि पुढची जागा कोरी सोडली होती. नाव त्यांना ठाऊक नव्हते थोडेच! काकूंकडून पेन मागून घेतले, तिथे माझे पूर्ण नाव लिहिले आणि पाने परत गठ्ठ्यात घालून सुतळी बांधली.