नानांच्या खांद्यावरची चार बोटं

आमच्या घरात अकरा वर्षं एका अनोळखी माणसाच्या चार बोटांना रोज उदबत्ती ओवाळली जात होती.

ही बोटं माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, डाव्या खांद्यावर होती. नाना गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो सापडेना. शेवटी गावाकडच्या कुठल्याशा लग्नातला ग्रुप फोटो मिळाला. तो घाईघाईत एका स्टुडिओवाल्याला दिला आणि त्याने गर्दीतून नानांना कापून काढलं. मागे निळं आभाळ घातलं. अंगात काळा कोट चढवला, गळ्यात लाल टाय बांधला. (तुर्भ्याच्या कारखान्यात जन्मभर बुशशर्ट घालून मशीन चालवलेल्या माणसाला टाय! तोही गेल्यावर!) एवढी कलाकारी करून खांद्यावरच्या परक्या हाताची चार बोटं मात्र त्याने तशीच ठेवली. त्यांच्या कडेकडेने कोट अगदी सुबक बसवला होता. बहुधा ती नानांचीच वाटली असावीत त्याला. वर मूळ फोटो हरवला तो हरवलाच.

बोटं कोणाची, यावर आमच्याकडे दर पितृपक्षात चर्चा व्हायची. माझा नवरा नितीन म्हणायचा, "कराडच्या काकांची. त्यांना सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकायची सवय होती." मी म्हणायचे, "काकांची बोटं एवढी बारीक? नवरदेवाच्या बापाची असतील." माझ्या सासूबाई कधी या चर्चेत पडल्या नाहीत. त्या आपल्या पदराने काच पुसायच्या, हार सारखा करायच्या आणि आत जायच्या.

तर या सासूबाई, ज्यांना आम्ही आई म्हणतो, एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या आजींच्या तेराव्याला जाऊन आल्या त्या फणफणतच. त्या आजींचा फोटो नातवाने मोबाइलवरून केला होता. गाल गुलाबी, ओठ लाल, डोळे एवढाले.

"मंजू," त्या चपला काढता काढता म्हणाल्या, "माझा फोटू काढून ठिवा. आत्ताच. मी बघून पास करनार."

"आई, काहीतरी काय बोलतेस!" नितीन ओरडला.

"काय वंगाळ बोलले? ह्यांस्नी कोट घातलासा, मला गाऊन घालशीला. मी काय वरनं वरडू?"

नितीन पेपरात तोंड खुपसून बसला. म्हणजे काम माझ्याकडे आलं.

मला आधी वाटलं, फोनमध्येच मिळेल की एखादा चांगला. फोनमध्ये हजारो फोटो आहेत. मी दुपारभर शोधत बसले. एका फोटोत आईंचं कोपर होतं. एकात पाठ. वाढदिवसाच्या पाच फोटोंत आम्ही सगळे केकभोवती दात काढून उभे, आणि आई मागे फ्रिजच्या आड ताटल्या घेऊन अर्ध्या. "आई, जरा सरका ना, फ्रेममध्ये येताय," हे वाक्य कोणाचं ते मला चांगलं आठवत होतं. माझंच! सव्वीस वर्षं एका घरात राहून मी या बाईला प्रत्येक फोटोतून बाजूला सरकवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. म्हणून मी ठरवलं, आता काढायचा तर प्रोफेशनलच.

इथे माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मी बेलापूरला एका सरकारी कार्यालयात अर्जांची छाननी करते. फोटोत कान दिसत नाहीत, सावली पडली आहे, फोटो जुना आहे, असे शेरे मारून अर्ज परत पाठवणं हे माझं काम. त्यामुळे जगात जे काही नीटनेटकं नाही ते दुरुस्त केल्याशिवाय मला जेवण जात नाही. नितीन म्हणतो, लग्नाच्या मुंडावळ्यासुद्धा मी त्याच्या कपाळावर दोनदा सरळ केल्या होत्या. (तीनदा.)

वाशीतली एक फोटोग्राफर मिळाली, श्रुती नावाची. फोनवर तिने पहिलाच प्रश्न असा विचारला की मी गारद झाले.

"मॅडम, पोर्ट्रेट कशासाठी आहे? कॉर्पोरेट, लग्नासाठी, मॅटर्निटी?"

मी आईंकडे बघितलं. त्या लसूण सोलत होत्या.

"जनरल," मी म्हटलं.

"जनरल म्हणजे?"

"म्हणजे... फॅमिली. आम्ही तिघं. आणि एक आईंचा एकटीचा. मोठा."

"ओके!" ती आनंदाने म्हणाली. "काही ओकेजन आहे का?"

"अजून नाही," असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि मी फोन ठेवला.

श्रुतीने सूचना पाठवल्या. साधे रंग घाला. आदल्या रात्री नीट झोपा. चेहऱ्यावर नवीन काहीही करू नका. शेवटची सूचना मी वाचली, मान डोलावली आणि पार्लरची अपॉइंटमेंट घेतली. फेशियल, थ्रेडिंग, केसांना रंग, सगळं. पार्लरवाली म्हणाली, "मॅनिक्युअर पण करून टाकू?" मी म्हटलं, "नको, हात काय फोटोत येणारेत का!" हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर आता मरेपर्यंत लक्षात राहणार आहे.

फेशियलमधलं काहीतरी मला बाधलं. शूटिंगच्या दिवशी सकाळी माझा चेहरा लालबुंद होऊन टरारून सुजला होता. नितीनने बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला. "फार नाही कळत," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून खोकल्यासारखं हसला. मी त्याच्याशी वाशी येईपर्यंत बोलले नाही.

आईंसाठी मी फिकट पिस्ता रंगाची साधी साडी आणली होती. ती त्यांनी मुकाट्याने नेसली. मेकअपवाली बाई आली, तिने कपाळाकडे बघितलं. आईंच्या कपाळावर गोंदण आहे, लहानपणी जत्रेत काढलेलं, हिरवं, जरा पसरलेलं. मेकअपवालीने माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं. मी म्हटलं, "कव्हर करा ना. क्लीन दिसेल." तिने दोन बोटं फिरवली, गोंदण गायब! मी खूश. आईंनी आरशात बघितलं.

"पुस."

"आई, छान दिसतंय."

"पुस म्हनते न्हवं? वर गेल्यावर ह्यांनी वळखायचं कशावरनं?"

मेकअपवालीचा हात हवेतच राहिला. श्रुती कॅमेऱ्यामागून हळूच म्हणाली, "आजी, म्हणजे हा फोटो..."

"भिंतीवर लावायचा हाय, पोरी. वर जरा जागा सोड. आमच्याकडं हार जाड असतोय."

झालं! महिनाभर आम्ही ज्या गोष्टीभोवती चवड्यांवर चालत होतो ती आईंनी सगळ्यांसमोर पाटावर मांडली आणि मोकळ्या झाल्या. नितीनने खिशातून रुमाल काढला. श्रुतीने मात्र शांतपणे कॅमेरा थोडा मागे घेतला आणि हारासाठी जागा सोडली. मला ती पोरगी तेव्हाच आवडली. मग आईंनी पिशवीतून आपली वांगी रंगाची इरकल काढली, (ती त्यांनी कधी भरली मला पत्ता नाही!) आणि आत जाऊन पिस्ता रंग उतरवून आल्या.

आधी आम्हा तिघांचे फोटो झाले. श्रुतीने माझ्या चेहऱ्यावर तीन वेळा लाइट बदलला, पडद्यावर बघितलं आणि अतिशय सौम्य आवाजात विचारलं, "मॅडम, फॅमिलीचे आपण ब्लॅक अँड व्हाइट करूया?"

मग आई एकट्या बसल्या आणि नुसत्या ताठ झाल्या. ओठ मिटलेले, डोळे वटारलेले. श्रुती म्हणे, "आजी, हसा ना थोडं." आई आणखी ताठ. वीस-पंचवीस फोटो झाले, सगळे असे की बघणाऱ्याने आधी आपली चूक आठवावी. त्यात त्यांचा पदर घसरत होता. मला राहवेना. मी बाजूने हात घालून त्यांच्या खांद्यावर पिन लावायला गेले.

"अगं ए, टोचतीय! मारतीस का काय फोटूच्या आदी?" असं म्हणून त्या स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसल्या. तेवढ्यात कॅमेरा वाजला.

फोटो पडद्यावर आला आणि आम्ही सगळे पुढे वाकलो. भाजीवाल्याशी घासाघीस जिंकल्यावर घरात येतात ना, त्या आई. अगदी त्याच. फक्त खांद्यावर माझी चार बोटं आली होती.

"ती मी काढून टाकते मॅडम," श्रुती म्हणाली.

"काढाच!" मी म्हटलं. "आणि आमच्याकडे आणखी चार आहेत!"

दुसऱ्याच दिवशी नानांची फ्रेम भिंतीवरून उतरवून मी गुपचूप तिच्याकडे दिली. सरप्राइज! आईंनी रिकाम्या खिळ्याकडे बघून विचारलं, "ह्यांस्नी कुठं नेलंसा?" मी म्हटलं, "काच बदलायला." आठवडाभर त्या रिकाम्या खिळ्यालाच नमस्कार करत राहिल्या.

रविवारी सकाळी दोन्ही फ्रेम आल्या. मी सोफ्यावर शेजारी शेजारी मांडून वर ओढणी घातली, आईंना समोर बसवलं आणि ओढणी काढली. आईंनी आधी स्वतःचा फोटो बघितला. गोंदण बघितलं, इरकल बघितली. "हां," त्या म्हणाल्या, "ही मी हाय. पास." मला माझ्या नोकरीत एवढा आनंद कधी झाला नव्हता.

मग त्यांनी नानांकडे बघितलं. खांदा स्वच्छ. कोट कडक. त्या उठल्या, जवळ गेल्या आणि काचेवर डाव्या खांद्याच्या जागी बोट फिरवलं.

"माझा हात कुठाय?"

"कोणाचा?" मी आणि नितीन एकदमच.

"माझा. हितं हुता न्हवं? ह्येनला खुर्चीत बसवल्यालं, मी मागं हुबी. फोटूवाला म्हनला, बाई, मालकांच्या खांद्यावर हात ठिवा. चारचौघात! मी म्हनलं, न्हाय बा. तर हेच म्हनले, ठेव गं, कोन बगतंय." त्यांनी पदराने काच पुसली. "येकदाच ठिवला. सगळ्या जल्मात."

"अगं पण आई, अकरा वर्षं आम्ही विचारतोय, बोलली का नाहीस?" नितीन म्हणाला.

"मला कुटं इचारलंसा? तुमी आपसात इचारत हुता. आन पोरासुनंम्होरं काय सांगू, माझा हात हाय म्हनून?"

नितीन पाणी प्यायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. माझी अवस्था काय सांगू! आई रडल्या असत्या तर परवडलं असतं, पण त्या रडल्याही नाहीत. नुसत्या त्या स्वच्छ खांद्याकडे बघत उभ्या राहिल्या. आणि ती स्वच्छता माझी होती. या बाईने आयुष्यात एकदा नवऱ्याला सगळ्यांदेखत हात लावला होता, आणि तो मी, त्रुटी म्हणून, काढून टाकला होता.

मी श्रुतीला फोन लावला.

"श्रुती, बोटं परत पाहिजेत!"

"कुठली मॅडम?"

"नानांची. म्हणजे आईंची. नानांवरची आईंची! टाकून तर नाही ना दिलीस?"

"आहेत मॅडम, जुन्या फ्रेमचा स्कॅन आहे माझ्याकडे." ती पुढे म्हणाली, "लोक माझ्याकडे काढायला येतात. परत लावायला कोणी पहिल्यांदाच आलंय. आणि मॅडम, तो कोट काढून साधा शर्ट घालू का?"

फोन स्पीकरवर होता. आई म्हणाल्या, "कोट ऱ्हाऊ दे. आता सवय झाली. टाय झ्याक दिसतोय त्येनला." मग माझ्याकडे वळून, "आन माझ्या फोटूत तुझा हात हुता की. पिन टोचत हुतीस त्यो. त्यो बी घाल म्हनावं."

"आई, बरं दिसत नाही ते."

"कुनाला? भिंतीवर मी ऱ्हानार का तू?" त्यांनी आपल्या फ्रेमकडे बोट केलं. "उगं येकटीच बसल्यागत वाटतंय त्यात."

मी फोनमध्ये म्हटलं, "श्रुती, माझीसुद्धा चार परत लाव."

आता हॉलमध्ये दोन्ही फ्रेम शेजारी शेजारी आहेत. नानांच्या खांद्यावर आईंची चार बोटं, आईंच्या खांद्यावर माझी. आई ठणठणीत आहेत आणि रोज संध्याकाळी स्वतःच्याच फोटोखाली बसून मला भाज्या निवडायला लावतात. आल्यागेल्याने विचारलं की अभिमानाने सांगतात, "ह्यो माझा हात, आन ह्यो सुनंचा." पाहुणे मग जवळ जाऊन निरखून बघतात. फेशियल, थ्रेडिंग, केसांचा रंग, एवढं सगळं करून या घराच्या भिंतीवर मी कायमची लागले ती फक्त चार बोटांपुरती, आणि त्यातल्या तीन नखांचं नेलपॉलिश उडालेलं आहे. माझ्या टेबलावर असा फोटो आला असता, तर मी शेरा मारून परत पाठवला असता!